बानाखतापूर्वी बागेची बोलणी

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतले जुने मराठी वाडे एकामागून एक उतरत आहेत, हे बडोद्याच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भावाभावांचे हिस्से पडतात, वाड्याच्या जागी दुकानांचे गाळे उभे राहतात, आणि घरातली मंडळी भायली, सेवासी, गोत्री अशा बाजूंस नवे घर पाहू लागतात. घर पाहावयास गेलेला माणूस काय विचारतो? फरशी कोणती, स्वयंपाकाचा ओटा कसला, गच्चीवरची टाकी किती लिटरची. पाठीमागच्या मोकळ्या जागेवर तो दारातूनच एकवार दृष्टी टाकतो, ‘इथे छान बाग होईल’ असे म्हणतो आणि जिना चढू लागतो. बाग होणार की नाही हे ज्या मातीवर ठरावयाचे, तिच्याविषयी तो बिल्डरला एक शब्दही विचारीत नाही.

गेले वर्षभर मी या खटाटोपात आहे. गाण्याच्या शिकवण्या करणाऱ्या माणसाने माती आणि मोऱ्या यांवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आईबापच दर आठवड्याला मला हेच विचारू लागले, तेव्हा एकदाच सविस्तर लिहिलेले बरे.

आमच्या घरची हकीकत अशी. माझे वडील मिसरूड फुटण्यापूर्वीच दरबारच्या कलावंत कारखान्यात गाण्याच्या चाकरीस लागले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार गेला, चाकरी गेली. राहिले ते वाड्यातले आमच्या वाटणीचे चार खण आणि मागचे परस. परसात प्राजक्त, दोन मोगरे, एक अनंत, कढीलिंब आणि तुळस. आई आता ऐंशीच्या घरात आहे. वाडा विकण्याच्या कागदावर सही करताना तिने एकच अट घातली. देवाला फुले विकत आणावी लागतील अशा घरात मी येणार नाही, असे ती म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

त्याच पैशांत मोठा फ्लॅट आला असता आणि थोडी शिल्लकही राहिली असती. आम्ही जोडघराकडे वळलो ते केवळ पाठच्या पंधरा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब अशा जमिनीसाठी. या ३६० चौरस फुटांपायी वाड्याचा हिस्सा तर गेलाच, शिवाय कर्जाचा हप्ता मी साठीला येईपर्यंत चालणार आहे. म्हणून म्हणतो, अशा घरात बाग ही काही वर मिळालेली शोभा नव्हे; ती किमतीत धरलेली असते. मग फरशी जशी वाजवून पाहतो तशी ती का पाहू नये?

बडोदेकराला बागेची ओढ आहे हे बिल्डर मंडळी पुरते ओळखून आहेत. सयाजीराव महाराजांनी कमाटीबाग प्रजेला दिली ती १८७९ साली. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग आखण्यास विलायतेहून विल्यम गोल्डरिंग आले. त्या आठवणीवर अजून घरे विकली जातात. योजनेच्या नावात ‘रॉयल’ हा शब्द नसला तर बडोद्यात गिऱ्हाईक फिरकत नसावे, अशी माझी समजूत होत चालली आहे. आम्हाला मिळालेल्या चित्रपुस्तिकेतही पाठच्या अंगणात हिरवीगार हिरवळ, कोपऱ्यात चाफा आणि चाफ्याखाली वेताच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ होते. चित्राखाली अगदी बारीक अक्षरांत, चित्र केवळ कल्पनेसाठी आहे, असा खुलासा होता.

वडिलांची एक सवय मला या कामी उपयोगी पडली. बैठक कोठेही असो, ते दोन तास आधी जाऊन जागा पाहून येत. छत किती उंच, बैठकीखालची फळी पोकळ तर नाही, पंखा कुरकुरतो का. यजमान कंटाळत. पण तंबोरे लागले आणि माणसे बसली की मग जागेविषयी बोलता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मीही जागा पाहण्यास तीनदा गेलो: एकदा भर उन्हात, एकदा संध्याकाळी, आणि एकदा मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी. पाहण्यासारखे जे होते ते या तिसऱ्या खेपेस दिसले. रस्ता वाळला होता, समोरचे अंगण वाळले होते. पाठच्या जागेत मात्र घोटाभर पाणी उभे होते आणि त्यात बेडूक सुखाने नांदत होते.

पाणी ओसरल्यावर साईटवरच्या सुपरवायझरला विचारून आमच्या ओळखीच्या एका वृद्ध माळ्याकडून दोन ठिकाणी खड्डे घेतले. वरची चार बोटे माती सुरेख, भुरी गोराडू. पाचव्या बोटाला कुदळीचा आवाज बदलला. खाली विटांचे रोडे, गिलाव्याचे गोळे, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. दीड फुटावर मूळची काळी जमीन लागली, ती खटाऱ्यांच्या चाकांखाली दबून दगड झालेली. माळ्याने मूठभर ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहिले, ते फुटेना. “यात मोगरा पहिले वर्ष काढील,” तो म्हणाला, “दुसरे नाही.”

याचे कारण थोडे समजून घेतले पाहिजे. बडोद्याच्या आसपास दोन जातींची जमीन भेटते. गोराडू ही हलकी, पाणी मुरू देणारी, फुलझाडांस मानवणारी. काळी ही पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती पोसते पुष्कळ, पण पाणी धरून ठेवते आणि कुंपणाच्या भिंतींना तडे पाडते. दोन्हींत बाग होते, नुसती झाडे निवडून लावावी लागतात. परंतु बांधकामाचा राडारोडा ही तिसरीच जात. त्यातला चुना आणि सिमेंट मातीत उतरून ती अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अनंत, मोगरा, जास्वंद यांना हा त्रास आधी होतो. शिवाय मुळे चार बोटांच्या थरात आडवी पसरतात आणि वैशाखात भाजून निघतात. घरमालक नर्सरीवाल्याला बोल लावतो, खत बदलतो, नवे रोप आणतो. दोष कोठे आहे ते त्याच्या पायाखालीच असते.

अर्धा किलो माती प्रयोगशाळेत दिली की तिचा सामू किती, क्षार किती हे कळते. आमच्या मातीचा सामू साडेआठच्या वर निघाला. फुलझाडांस साडेसहा ते साडेसात बरा. दुसरी परीक्षा तर फुकटची आहे. फूटभर रुंद व तेवढाच खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, ते मुरू द्यावे; दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरते ते काठीवर खुणा करून पाहावे. एक ते तीन इंच उतरले तर उत्तम. अर्धा इंचही उतरले नाही तर ती जमीन बाग नव्हे, टाकी आहे. आमच्या काठीवरची खूण सकाळपासून दुपारपर्यंत जागची हलली नाही.

पाण्याचा प्रश्न मातीइतकाच अवघड. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २३०० लिटर पाणी खाली येते. आमच्या घराचे दोन्ही पन्हळ-नळ सरळ पाठच्या जागेत सोडलेले होते. त्यात शेजारच्या योजनेची जमीन भराव घालून आमच्यापेक्षा दीड फूट उंच केलेली, म्हणजे त्यांचे पाणीही आमचेच पाहुणे. कुंपणाच्या भिंतीला पाणी जाण्यासाठी एकही भोक नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहराच्या वस्त्यांत शिरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी नदीपासून लांब असलेल्यांनीही पावसाळी कांस कोठून जाते, ती उघडी आहे की बुजवली, याची चौकशी करावयास हवी होती असे वाटले. नवे घर घेणाऱ्याला ही चौकशी सही करण्याआधी करता येते: नकाशा मागावा, आणि नकाशा हातात धरून प्रत्यक्ष कांसेपर्यंत चालत जावे. मी गेलो. तिथे मला चहाची टपरी सापडली आणि टपरीच्या खाली कांस.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पाठच्या जागेच्या बरोबर मध्यावर सांडपाण्याची दोन चेंबरे होती, आणि एकाच्या झाकणावरून मोजले तर ज्या कोपऱ्यात आई प्राजक्त म्हणत होती तो कोपरा तीन फुटांवर. मुळे पाण्याच्या वासाने नळाच्या सांध्यात शिरतात. मग एक तर झाड जाते किंवा नळ. ही लाइन आमच्या एकट्याची नसून ओळीतल्या सहा घरांची होती. म्हणजे उद्या तुंबल्यास सहाजणांची माणसे आमच्या मोगऱ्यात कुदळ घालणार. तेव्हा पाठची जागा आपल्या मालकीची, की सोसायटीची आणि आपल्याला नुसती वापरावयास दिलेली, हे दस्तावेजात कसे लिहिले आहे ते वाचून घ्यावे. मंजूर नकाशात ती मोकळी सोडावयाची मार्जिन म्हणून दाखवलेली असते. तीत पुढे पत्र्याची शेड घालता येईल असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

एवढी सामग्री घेऊन मी बिल्डरच्या कचेरीत गेलो. भागीदारांपैकी धाकटे गृहस्थ बोलावयास मोठे गोड. चहा आला. “सर, माटीनुं टेन्शन ना लो,” ते म्हणाले, “थई जशे.” नळांचे? थई जशे. चेंबर? जोई लईशुं. बडोद्यातल्या मराठी माणसाला गुजराती शिकवावी लागत नाही. तरी या दोन शब्दांचा व्यवहारातला अर्थ मला तेव्हा नीट उमगला. ‘थई जशे’ म्हणजे अद्याप काहीही ठरलेले नाही.

येथे कायदा थोडा सांगितला पाहिजे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सगळे रेरा म्हणतात, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरची किंवा आठाहून अधिक घरांची नवी योजना त्याखाली नोंदवावी लागते, आणि गुजरात रेराच्या दप्तरातून तिचे नकाशे कोणालाही पाहता येतात. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, नोंदवल्यावाचून बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तो तीस दिवसांत पदरखर्चाने दुरुस्त करणे त्याला बंधनकारक आहे. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच कलमात दोषांबरोबर आणखी काही शब्द आहेत: करारात बिल्डरने पत्करलेली इतर कर्तव्ये. बागेच्या दृष्टीने सारे मर्म या शब्दांत आहे. भिंतीला तडा गेला तर तो दोष आहे हे कोणालाही दिसते. मोगरा मेला तर तो दोष कोणाचा? बिल्डर म्हणेल, पाणी घातले नसेल. पण दोन फूट माती घालून देण्याचे करारात लिहिलेले असेल आणि खणल्यावर चारच बोटे निघाली, तर वाद मोगऱ्याचा राहत नाही, मोजपट्टीचा होतो.

आणि हे सर्व लिहून घेण्याची वेळ एकच: दहा टक्के दिलेले आहेत, बानाखत व्हावयाचे आहे. त्याआधी बिल्डर आपल्याला ओळखत नाही, त्यानंतर त्याला आपली गरज राहत नाही.

मी पत्र लिहिले. मराठीत विचार करून इंग्रजीत, आणि एका वकील स्नेह्याकडून तपासून घेऊन. राडारोडा काढून दोन फूट गोराडू माती भरावी, असे त्यात मागितले. ३६० चौरस फुटांना दोन फूट म्हणजे ७२० घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण शंभर घनफूट माती बसते, म्हणजे सात-आठ ट्रॉल्या, आणि तितकाच राडा बाहेर. धाकट्या भागीदारांचा चेहरा प्रथमच गंभीर झाला. त्यांना सात ट्रॉल्यांची चिंता नव्हती. “सर, तुम्हाला दिले तर ओळीतले सगळे मागतील,” ते म्हणाले. हे बोलून त्यांनी आमच्यावर मोठाच उपकार केला, कारण त्याच संध्याकाळी मी ओळीतल्या सर्वांना दूरध्वनी केले.

पाच आठवडे बोलणी चालली. तडजोडीत माळ्याची मसलत कामास आली. हिरवळीला आणि लहान झाडांना फूटभर माती पुरते. मोठ्या झुडपांना दोन फूट हवी. म्हणून मागच्या भिंतीलगतचा सहा फुटांचा पट्टा दोन फूट खोल, उरलेली जागा एक फूट, आणि प्राजक्तासाठी चेंबरांपासून दूरच्या कोपऱ्यात तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा. त्यामुळे माती ५०० घनफुटांच्या आसपास आली, पाच ट्रॉल्यांत भागले. खालची दबलेली जमीन पहारीने मोकळी करून मगच भर घालावी, हेही लिहून घेतले; नाही तर वर कितीही चांगली माती टाका, खाली तवा तो तवाच. माती कोठून आणणार हाही प्रश्न विचारावा लागतो. कोणाच्या पायाच्या खड्ड्यातली दहा फुटांखालची माती दिसते स्वच्छ, पण निर्जीव असते. आणि शेतातली वरची आणली तर तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात, त्या मग आपल्या नातवंडांपर्यंत पुरतात. आम्ही ट्रॉली रिकामी होण्याआधी माती पाहण्याचा हक्क राखून ठेवला. नव्या मातीची पातळी घराच्या जोत्याखाली निदान सहा इंच राहावी, नाही तर ओल भिंतीत चढते. आणि भर एका पावसाळ्यात बसते म्हणून ती थोडी चढती घालावी.

दोन्ही नळ एकत्र करून पावसाचे पाणी मुरवण्याच्या विहिरीकडे वळवण्यास ते तयार झाले. कुंपणाला खालच्या बाजूस भोके, घरापासून बाहेरच्या बाजूला उतार, आणि मागे एक नळ, हेही मिळाले. चेंबरे हलवण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि तो मला पटला. सहा घरांची लाइन एकाच्या बागेसाठी वळवली तर तिचा उतार बिघडतो. त्याऐवजी झाकणे जमिनीच्या बरोबरीची, घट्ट आणि उचलण्यास सोपी करून मिळाली. शेवटचा हप्ता तपासणीनंतर देण्याची माझी मागणी मात्र अर्धीच मान्य झाली: बँकेचा हप्ता बँकेच्या नियमाने जाणार, माझ्या पदरच्या रकमेतला थोडा भाग तेवढा ताब्याच्या दिवसापर्यंत राहिला. हे सारे परिशिष्ट म्हणून, नकाशासह, बानाखताला जोडून नोंदवले गेले. बिल्डरविषयी एवढे म्हणावेच लागेल की एकदा लिहिल्यावर त्यांनी शब्द फिरवला नाही. रंगारी आणि पहाड गेल्यावर फाल्गुनात माती पडली. एक ट्रॉली आम्ही परत पाठवली. तीत निम्मा मुरूम होता. चैत्रात काठी रोवून पाणी पुन्हा मोजले, तासाला पावणेदोन इंच उतरले.

वाड्यातला प्राजक्त काही उचलून नेता येत नाही. त्याच्या बियांची रोपे आईने तेलाच्या डब्यांत धरली आहेत. सातांपैकी चार जगली. अनंताच्या फांद्यांनी मूळ धरले नाही.

आमचे पाहून ओळीतल्या अकरा घरांनी तेच परिशिष्ट मागितले व त्यांतल्या नऊजणांस ते मिळाले. दोघांची बानाखते आधीच होऊन गेली होती. त्यांना बिल्डरने “सवडीने पाहू” असे सांगितले आहे. आता प्रश्न उरला आहे तो कॉमन प्लॉटचा. चित्रपुस्तिकेत तिथे कारंजे, लता-मंडप आणि मुलांचे झोके आहेत. रेरात नोंदवलेल्या नकाशात एक साधी चौकट आहे, आणि प्रत्यक्षात तिच्या एका कोपऱ्यात विजेचा ट्रान्सफॉर्मर येऊन बसला आहे. बाग व खेळाचे मैदान ही कायद्याने सर्वांची जागा होय, आणि मंजूर नकाशात तिच्यात फेरफार करावयाचा तर घरे घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. ती आमच्यापैकी कोणी दिलेली नाही. तसे पत्र आम्ही अकराजणांच्या सह्यांनिशी दिले. पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. येत्या रविवारी सकाळी आम्ही सगळे त्या प्लॉटची लांबी-रुंदी मोजावयास जमणार आहोत. टेप बाबाजीपुऱ्यातले एक निवृत्त ओव्हरसियर आणणार आहेत, आणि पन्नास फुटांचा नव्हे, शंभर फुटांचा आणा, असे त्यांना दोनदा सांगून झाले आहे.